अंगावरचं, पाठीवरचं, गाडीतलं

आमची फील्ड कंपनी त्या वर्षी नगरला होती. मी नायब सुभेदार होतो. माझं गाव राहाता, म्हणजे पोस्टिंग घरापासून दोन तासांवर. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं एकदाच घडलं. रविवारची सुट्टी मिळाली की सकाळच्या एसटीने घरी जायचं, चर्चमध्ये बसायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि संध्याकाळी पाचला परत. बाकीचे जेसीओ, म्हणजे माझ्यासारखे सुभेदार-नायब सुभेदार, म्हणायचे, भिंगारदिवे साब मजेत आहेत. खरंच मजेत होतो.

आम्ही सॅपर, म्हणजे लष्करातल्या इंजिनिअर शाखेचे जवान. पूल बांधणं, सुरुंग काढणं, रस्ते करणं हे आमचं काम. पूर आला की बोटी घेऊन जाणं हेही आमचंच. पावसाळ्याचे चार महिने कंपनीतली एक तुकडी त्यासाठी तयार ठेवलेली असते. तिला फ्लड कॉलम म्हणतात. त्या वर्षी कॉलम माझ्याकडे होता आणि माझ्या हाताखाली हवालदार देवराम लांघी.

लांघी राजूरच्या वरच्या डोंगरातला. उंची बेताची, बोलणं कमी. चौदा वर्षं आम्ही एकाच कंपनीत होतो. दोघेच असलो की तो मला योहान म्हणायचा. जवानांसमोर साब. यात त्याची कधी चूक झाली नाही.

दर शनिवारी सकाळी आठ वाजता कॉलमची तपासणी असे. लांघी प्रत्येक जवानासमोर ग्राउंड शीट अंथरायला लावायचा आणि एकच शब्द बोलायचा.

"खिसे."

मग खिशातलं सगळं शीटवर यायचं. शिट्टी. चाकू. लहान टॉर्च. जखमेवर बांधायची एक पट्टी. पाच मीटर बारीक मजबूत दोरी. मीठ-साखरेची दोन पाकिटं. मेणात बुडवलेल्या काड्यांची पेटी. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही आणि पेन्सिल. हे अंगावरचं. त्यानंतर पाठीवरची पिशवी उघडायची. मोठा दोर, पाणी, गूळ-शेंगदाणे, बिस्किटं, ताडपत्रीचा तुकडा, वायरलेसची जादा बॅटरी, कोरडे मोजे, औषधं. शेवटी गाडी. स्ट्रेचर, पाण्याचे कॅन, पेट्रोल, हत्यारांची पेटी, बोटीच्या मोटरचे जादा भाग, फावडी, ब्लँकेट. पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली. यादीतली वस्तू पेटीत नसेल तर लांघी ती यादी मोठ्याने वाचायला लावायचा. पूर्ण. रिकाम्या जागेसकट.

खर्च करायचा तो गाडीतून, हा त्याचा नियम. गाडीतलं संपलं किंवा गाडी जवळ नसली की पाठीवरचं. अंगावरच्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. आणि जी वस्तू लहान आहे पण जिच्याशिवाय सगळं काम थांबतं, ती तिन्हीकडे हवी.

मुलं कंटाळायची. पंचविशीतल्या जवानाला खिशातली शिट्टी दाखवायला लावली की त्याला शाळेत बसल्यासारखं वाटतं. एकदा माझ्याच मनात आलं, आपणही शीटवर खिसे रिकामे करून दाखवावेत, म्हणजे पोरांना बरं वाटेल. केले. माझ्या खिशात शिट्टी नव्हती. लांघीने बघितलं आणि पुढच्या जवानाकडे गेला. दुपारी ऑफिसमध्ये आलो तर टेबलावर वहीच्या पानावर एक शिट्टी ठेवलेली. पानावर माझी सही घ्यायला जागा सोडलेली. मी सही केली.

हे सगळं तो कुठल्या कोर्समध्ये शिकला, असं मी एकदा विचारलं.

"कोर्स कसला," तो म्हणाला. "आमची वाडी पावसाळ्यात चार-चार दिस तुटती. रस्ता न्हाई, लाइट न्हाई. आई मीठ आन काडीपेटी तीन जागी ठेवायची. चुलीपाशी, वर माळ्यावर आन सवताच्या कनवटीला. एका साली भितच पडली. चूल गेली, माळा गेला. कनवटीचं ऱ्हायलं. त्या रातीला आमी जेवलो."

एवढंच सांगितलं आणि उठला.

ऑगस्टमधला बुधवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ड्युटी क्लार्कने मला बोलावलं. भीमेला पूर होता. वरच्या धरणांतून पाणी सुटलं होतं. श्रीगोंदा तालुक्यात नदीकाठच्या वस्त्या वेढल्या गेल्या होत्या. कॉलमने काष्टीला पोहोचावं, असा हुकूम होता. सात वाजता आमच्या गाड्या गेटबाहेर होत्या. एक जिप्सी, दोन ट्रक, दोन फायबरच्या बोटी, अठरा माणसं. कंपनी कमांडर कॅप्टन साहेब पुढच्या जिप्सीत.

एक गोष्ट नागरिकांना सांगितली तर खरी वाटत नाही. त्या दिवशी काष्टीत ऊन होतं. स्वच्छ, पांढरं ऊन. आठवडाभर पाऊस नव्हता. रस्त्याकडेला बाया कपडे वाळत घालत होत्या. पाऊस पडला होता तिकडे घाटमाथ्यावर, शंभर किलोमीटरवर, आणि ते पाणी इकडे शांतपणे उसात शिरत होतं. पुराचं पाणी असं चढतं तेव्हा लोक गाफील राहतात. आभाळ बघून माणूस ठरवतो, नदी बघून ठरवत नाही.

आठ पन्नासला काष्टीत पोहोचलो. तहसीलच्या माणसांनी नकाशा दाखवला. कॅप्टन साहेब एक बोट घेऊन वरच्या अंगाला गेले. दुसरी बोट माझ्याकडे. साडेतीन किलोमीटरवर नदीकाठी एक वस्ती, एका घराच्या स्लॅबवर चौदा माणसं. घराभोवती छातीएवढं पाणी, वाढतंय.

बोटीवर आम्ही तिघं. मोटर चालवायला सॅपर मुरुगन. तो तमिळनाडूचा, मराठी समजायचा, बोलायचा हिंदीत. पुढे लांघी. मध्ये मी. ट्रकवर ड्रायव्हर, नर्सिंग असिस्टंट आणि तीन जवान. पाण्याच्या कडेला, एका शेताच्या बांधावर ट्रक उभा केला. नऊ पस्तीसला बोट पाण्यात.

उतरण्याआधी लांघीने ट्रकमधल्या पेटीतून मोटरची एक पिन काढून बोटीतल्या पिशवीत टाकली. पिशवीत एक आधीच होती.

मी म्हणालो, "आहे ना एक?"

"आसू द्या."

ही पिन काय असते ते सांगायला हवं. मोटरचा पंखा ज्या दांड्यावर बसतो, तिथे करंगळीपेक्षा बारीक अशी एक पिन असते. पंखा पाण्याखाली दगडाला, लाकडाला आपटला, तर मोटर मोडू नये म्हणून ही पिन स्वतः तुटते. ती तुटली की मोटर नुसती ओरडते. पंखा फिरत नाही. बोट म्हणजे मग पाण्यावरचं पान.

पहिली फेरी नीट झाली. स्लॅबवर सगळ्यात पुढे एक म्हातारी उभी होती. कौसाबाई. घर तिचं. बाकीचे शेजारपाजारचे, तिच्याकडे वर चढलेले. कौसाबाईने आधीच ठरवून ठेवलं होतं कोण पहिल्यांदा जाईल.

"लेकरं आन लेकुरवाळ्या आधी," ती म्हणाली. "आमी म्हातारी मागून. माजा म्हातारा आडवा हाय, त्याला उचलाया येळ लागंल."

"आजी, पाणी आहे का प्यायला?"

"हाय की. दोन हंडे वर घेऊन चढलेय मी. जनावरांची दावी पहाटंच सोडली. तुमी ह्यांना न्या."

तिला काही शिकवायची गरज नव्हती. आठ जणांना घेऊन निघालो आणि दहा वाजून वीस मिनिटांनी ट्रकपाशी उतरवलं. लाइफ जॅकेट काढून परत बोटीत घेतली, कारण पुढच्या सहांना लागणार होती.

दुसऱ्या फेरीला निघालो आणि अर्ध्या वाटेत वायरलेस वाजला. ट्रकचा ड्रायव्हर होता.

"चार्ली टू, चार्ली टू. पानी बांध पे चढ़ रहा है. गाड़ी पीछे ले रहा हूँ. ओवर."

"कितना पीछे? ओवर."

"कॅनॉल तक. एक किलोमीटर. बीच का पुल डूब रहा है. ओवर."

"ठीक है. सब को ले के जाओ. आउट."

बरोबर निर्णय होता. पण आता आमच्यापासून गाडी गेली होती. लांघीने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि एक बोट वर केलं. एक थर गेला.

स्लॅबवर पोहोचलो तेव्हा पाणी खिडक्यांच्या वर होतं. पाच जण स्वतःहून उतरले. राहिला कौसाबाईचा नवरा. अर्धांगाने आठ वर्षं अंथरुणावर. सतरंजीत घालून त्याला खाली सोडायचं होतं. बोटीत त्याचे पाय पसरायला जागा नव्हती. आमची पिशवी मधल्या फळीला दोन ठिकाणी बांधलेली होती, तिने जागा अडवली होती.

मी मुरुगनला म्हणालो, "बॅग खोल. किनारे पे रख."

लांघी म्हातारा धरून वर होता. त्याने ऐकलं. म्हणाला, "साब, बांधूनच ठिवा."

मी म्हणालो, "दोन मिनिटं. जागा नाही."

मुरुगनने पिशवी सोडून बोटीच्या काठावर ठेवली. म्हातारा खाली आला, बोट एका अंगाला कलली, पुन्हा सरळ झाली. पिशवी पाण्यात होती. मी हात घातला, पट्टा बोटांना लागला आणि सुटला. दोर, बॅटरी, औषधं, दोन्ही पिना. दहा सेकंदांत उसाच्या शेंड्यांपलीकडे दिसेनाशी झाली.

तो हुकूम माझा होता. माझ्या रिपोर्टमध्येही मी तसंच लिहिलं.

या वेळी लांघीने बोट वर केलं नाही. पुढे जाऊन आपल्या जागी बसला. दहा पंचावन्नला स्लॅब सोडला.

परतीची वाट बदलली होती. बांध दिसत नव्हते, ओढा आणि शेत एक झालं होतं. मुरुगन हळू चालवत होता. अकराच्या सुमारास पाण्याखाली काहीतरी लागलं. कुंपणाची तार असेल, द्राक्षाच्या मांडवाचा अँगल असेल, आजही सांगता येत नाही. मोटर ओरडली. बोट थांबली आणि आडवी झाली.

"पिन गया, साब," मुरुगन म्हणाला.

खाली अर्ध्या किलोमीटरवर बंधारा होता. त्याच्यावरून पाणी जात होतं. दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. प्रवाह आम्हाला तिकडेच नेत होता. बोटीत सहा नागरिक, त्यातला एक आडवा.

"चप्पू," मी म्हणालो. मुरुगनने आणि मी वल्ही घेतली. डावीकडे एका बाभळीचा शेंडा पाण्याबाहेर होता, मनगटाएवढ्या फांद्यांचा. तेवढीच पकडायची जागा. बाहेरून कुणी बघितलं असतं तर हसला असता इतक्या हळू आम्ही तिकडे सरकत होतो. लांघीने खिशातली दोरी काढली होती. ती अंगावरची, पाच मीटरची. दुहेरी केली. बाभूळ बाजूने गेली तेव्हा त्याने काट्यांसकट फांदी कवटाळली आणि गाठ मारली. बोट झटक्याने थांबली. त्याच्या दोन्ही हातांतून रक्त येत होतं.

मी खिशातली शिट्टी वाजवली. तीनदा, थांबून तीनदा. हॅन्डसेटवर ट्रकला जागा सांगितली. त्यांच्याकडून उत्तर आलं, पूल बुडालाय, येता येत नाही, दुसरी बोट बोलावतो, चाळीस मिनिटं. दुहेरी दोरी चाळीस मिनिटं टिकली नसती. ते लांघीलाही दिसत होतं.

तोपर्यंत त्याने छातीचा खिसा उघडला होता. आत प्लॅस्टिकच्या पुडीत पिन. पुडीला दोऱ्याने बांधलेली लहान पक्कड. ही पिन कुठल्या यादीत नव्हती. खिशातल्या सामानाची यादी माझ्या सहीची होती, मला ती पाठ होती. त्याने ती स्वतःच्या मनाने ठेवली होती.

मुरुगनने मोटर वर उचलली आणि मागे झुकला. हात पंख्यापर्यंत पुरेना. आणखी झुकला तर मागची बाजू पाण्यात दबत होती आणि आडव्या म्हाताऱ्याच्या अंगावर पाणी येत होतं.

"मी उतरतो," मी म्हणालो.

"तुमाला पिन बसवता येती का?" लांघीने विचारलं.

"नाही."

"मंग?"

मुरुगनला येत होती. पण मोटर सुरू करून बोट काढायची ती मुरुगननेच. लांघी उतरला. अंगात लाइफ जॅकेट, एका हाताने बोटीची मागची कडी धरलेली. मुरुगनने त्याच्या जॅकेटचा पट्टा वरून धरला. मी पुढे दोरीपाशी बसलो, ती घासू नये म्हणून खाली सतरंजीची घडी घातली. कौसाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन होती. बोटीत कुणी रडलं नाही, कुणी हललं नाही. म्हाताऱ्याने एकदाच काहीतरी विचारलं.

"काय न्हाई," कौसाबाई म्हणाली. "गाडी पंचर झालीय. काडत्यात."

चार मिनिटं लागली असतील. पाण्यात, रक्ताळलेल्या बोटांनी नट काढायचा, पंखा ओढायचा, तुटलेला तुकडा पाडायचा, नवी पिन घालायची, पंखा बसवायचा, नट आवळायचा. पंखा हातातून सुटला असता तर संपलंच होतं. त्याने तो दातात धरला, दुसऱ्या हाताने पिन घातली.

"लागली," तो म्हणाला.

मुरुगनने मोटर खाली घेतली. तेवढ्यात मुरुगनच लांघीकडे बघून ओरडला, "उस्ताद!" मी वळलो. वरून कडुलिंबाचं खोड येत होतं, मुळांसकट, बैलगाडीएवढं लांब. आवाज न करता. लांघीने बघितलं. बाजूला व्हायला जागा नव्हती. खोड त्याच्या डाव्या कुशीला लागलं, जॅकेटच्या खाली, आणि त्याला बोटीच्या मागच्या फळीवर दाबून पुढे निघून गेलं. लाइफ जॅकेट माणसाला तरंगवतं. मार अडवत नाही.

आम्ही दोघांनी त्याला आत ओढलं. शुद्धीवर होता. मी चाकूने दोरी कापली. मोटर पहिल्या झटक्यात चालू झाली. अकरा चोवीसला बोट कॅनॉलच्या भरावाला लागली आणि जवानांनी सहाही जणांना उतरवून घेतलं.

स्ट्रेचर ट्रकमध्ये होता. सलाइन होतं. नर्सिंग असिस्टंटने सगळं केलं जे करता येण्यासारखं होतं. लांघीच्या पोटाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. पोट फळीसारखं कडक होतं. रक्त बाहेर येत असेल तर आपल्याकडे पट्टी असते. ते आत जात असेल तर ऑपरेशनचं टेबल लागतं. ते कुठल्याच पिशवीत मावत नाही.

काष्टीहून रुग्णवाहिका घेतली. बारा वाजता नगरच्या रस्त्याला लागलो. मी त्याच्याजवळ होतो. ऊन आत येत होतं, मी खिडकीला टॉवेल लावला.

"मोजलं का?" त्याने विचारलं.

"सहा. आणि पहिले आठ."

"मुरुगन?"

"आहे."

"तुमी?"

"मी इथंच आहे, देवराम."

त्याने छातीच्या खिशावर हात ठेवला. मग म्हणाला, "योहान. माजा खिसा मोकळा झालाय. गाडीच्या पेटीत आजून हायेत पिना. बोट पुना पान्यात जायच्या आदी खिशात एक टाक."

"टाकतो."

"मुरुगनच्या बी."

"हो."

नगरच्या अलीकडे, एक वाजून पाच मिनिटांनी तो गेला. रुग्णालयात नऊ मिनिटांनी पोहोचलो.

दुपारी अडीचला मी परत काष्टीत होतो. कॅप्टन साहेबांनी विचारलं, "साब, आप आराम करेंगे?" मी म्हणालो, नाही सर. खालच्या अंगाला आणखी एका वस्तीवर लोक होते. मी पेटीतून दोन पिना घेतल्या. एक माझ्या छातीच्या खिशात, एक मुरुगनच्या. मुरुगनचे डोळे सुजलेले होते. त्याने खिशाचं बटण लावलं, वरून दोनदा थोपटलं आणि मोटरपाशी जाऊन बसला. पिशवी नवी होती. ती मी स्वतः फळीला बांधली. संध्याकाळी सहापर्यंत चार फेऱ्या झाल्या. पिन एकदाही तुटली नाही.

मला लोक विचारतात, त्या दिवसाचं ओझं वाटतं का. पिशवी सोडायला मी सांगितलं होतं. ती बोटीत असती तर मोठा दोर असता, बोट नीट बांधता आली असती, घाई कमी झाली असती. लांघीला तरीही उतरावं लागलं असतं का? बहुतेक हो. नक्की कुणी सांगू शकत नाही. मी आता आपत्तीच्या तयारीचे वर्ग घेतो, त्या प्रत्येकात ते सांगतो, लपवत नाही. पण त्या दिवशी चौदा माणसं जिवंत आली, ही गोष्टही तेवढीच खरी आहे, आणि ती योगायोगाने आली नाहीत. एकाने दर शनिवारी खिसे रिकामे करायला लावले म्हणून आली.

मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. आता राहात्यात असतो. शाळा, बचत गट, चर्चचं तरुण मंडळ, ग्रामपंचायत, जिथे बोलावतील तिथे जातो. मोटरसायकलवर जातो आणि डिकी उघडून दाखवतो. लोकांना वाटतं आपत्तीची तयारी म्हणजे महाग सामान. मी सांगतो, घरात जे आहे तेच तीन जागी विभागा. रोजच्या औषधांतली चार दिवसांची औषधं खिशात किंवा पर्समध्ये. कागदपत्रांच्या झेरॉक्स, टॉर्च, कोरडा खाऊ, पाणी, एक कपडा दाराजवळच्या पिशवीत. गाडीत दोर, पाण्याचा कॅन, ब्लँकेट, प्रथमोपचाराची पेटी. फोन नंबर मोबाइलमध्ये असतातच, ते कागदावर लिहून ठेवा. आणि महिन्यातून एकदा सगळं जमिनीवर मांडून बघा. जमिनीवर मांडल्याशिवाय काय नाही ते कळत नाही.

मागच्या वर्षी एका गावात एक जण उठून म्हणाला, "साहेब, आमच्याकडं दुष्काळ असतो. पूर कुठून यायचा?"

मी विचारलं, "घरात दम्याचा त्रास आहे का कुणाला?"

तोच म्हणाला, "माझ्या आईला हाय."

"पंप कुठं असतो?"

"घरी. कपाटात."

"आत्ता आई कुठं आहे?"

"शेतात," तो म्हणाला आणि खाली बसला. सभा संपल्यावर मला भेटायला थांबला नाही. घाईने निघून गेला. मला त्याचा राग आला नाही.

कौसाबाई अजून आहे. नवरा त्यानंतर तीन वर्षं जगला. नवं घर वर, रस्त्याला बांधलंय. मी गेलो की ती आधी माझ्या डिकीत काय आहे ते बघते आणि मग चहा टाकते.

राजूरला जाणं मात्र मी बरेच दिवस टाळलं. अंत्यसंस्काराला गेलो होतो, युनिटबरोबर, युनिफॉर्ममध्ये. तेव्हा बोलणं होत नाही. पेन्शनचे कागद झाले, फोन झाले. एकटा म्हणून गेलो तो निवृत्तीनंतर. बाजाराचा दिवस होता. लांघीची बायको हिराबाई बाजार करूनच परतत होती. तिच्याबरोबर वाडीपर्यंत चालत गेलो. वाटेत एक ओढा लागला. पाणी घोट्याएवढं. ती पलीकडे गेली आणि थांबली.

"दादा, एक विचारू?"

"विचारा ना, वहिनी."

"त्या दिशी ते पान्यात सवताहून उतरले, का कुनी उतरवलं?"

"स्वतःहून. मी उतरतो म्हणालो होतो. त्यांनी मला उतरू दिलं नाही."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "त्यांना पान्याचं लई भ्या वाटायचं. ल्हानपनी त्यांचा भाऊ ह्याच वढ्यात गेला, त्यांच्यासमूर. लगीन झालं त्या साली हितून जाताना माजा हात धरला हुता त्यांनी. एवढ्याशा पान्याला. मी हसले. तर म्हनले, कुनाला सांगू नको. पल्टनीत कळलं तर लाज जाईल."

पोहण्याच्या चाचणीत तो दरवर्षी पास व्हायचा. बोटीत पुढे बसायचा. चौदा वर्षं मी त्याच्याबरोबर होतो. मला माहीत नव्हतं.

"आता सांगितलं तर चालेल का?" मी विचारलं.

हिराबाईने बाजाराची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सांगा," ती म्हणाली. "आता काय लाज."

तेव्हापासून वर्ग सुरू करताना मी आधी उभा राहतो आणि एवढंच सांगतो: हवालदार देवराम लांघी, राहणार राजूरच्या वरची वाडी, तालुका अकोले. त्याला पाण्याची भीती वाटायची. तो पाण्यात उतरला.